उपकाराची जाण

(वाचनपाठ : लूक १७:११-१९)



दहा कुष्ठरोग्यांचा वृत्तांत आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. संडे स्कूलमध्ये त्या नऊ जणांना नावे ठेवीतच आपण लहानाचे मोठे झालो. तथापि हा उतारा शांतपणे वाचला तर त्या नऊ जणांवर आपण थोडा अन्यायच करतो, असे माझे मत आहे. प्रभूने त्यांना काय सांगितले होते? याजकांकडे जा आणि स्वतःस दाखवा, एवढेच. लेवीय १४ व्या अध्यायाप्रमाणे मनुष्य रोगमुक्त झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार याजकाचा होता. त्याने पाहून शुद्ध ठरविल्यावाचून त्या मनुष्याला पुन्हा आपल्या लोकांत नांदता येत नसे. म्हणजे हे नऊ जण आज्ञा पाळीतच चालले होते. कोणाची पत्नी वाट पाहत असेल, कोणाचे लेकरू बापाला ओळखण्याआधीच दुरावले असेल. वर्षानुवर्षे गावाबाहेर काढलेल्या मनुष्याचे पाय अशा वेळी झपाझप पुढे पडले, तर त्यात नवल ते काय?

मग दहाव्या मनुष्याने वेगळे काय केले? लूक फार थोड्या शब्दांत सांगतो. आपण बरे झालो आहोत हे त्याने पाहिले आणि तो माघारी फिरला. बरे दहाही झाले होते. वाटेत कोठेतरी प्रत्येकाने आपल्या हाताकडे पाहिलेच असेल. पण नऊ जणांनी तो हात पाहिला तो आता पुढे काय काय करता येईल या विचाराने. एकाने पाहिला तो हे कोठून आले या विचाराने. पुढे पाहणारा पुढे गेला, मागे पाहणारा मागे आला. आणि तो होता शोमरोनी, यहूद्यांच्या दृष्टीने परका. ज्याला कोणताच हक्क सांगता येत नाही त्याला देणगी ही देणगी म्हणून लवकर ओळखू येते, ही गोष्ट आपण, पिढ्यानपिढ्या मंडळीत वाढलेल्यांनी, ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या भाषेत 'कृतज्ञ' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा तो कृतज्ञ. या शब्दात मन भरून येण्याची अट नाही, डोळ्यांत पाणी उभे राहण्याची नाही. पुष्कळ श्रद्धावंत मला म्हणतात, "प्रार्थनेत आभार मानतो खरे, पण आतून काही वाटत नाही." त्यांना मी हाच शब्द उलगडून दाखवितो. वाटणे हे मनुष्याच्या हाती नसते. प्रकृती बिघडली, झोप झाली नाही, घरात कुरबुर झाली की वाटणे नाहीसे होते. जाणणे मात्र ठरवून करता येते. मराठी मनुष्य 'उपकाराची जाण ठेवावी' असे म्हणतो. 'ठेवावी' या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. जी वस्तू ठेवावी लागते ती निष्काळजीपणाने हरवूही शकते.

'जाण' या शब्दाच्या शेजारीच 'जाणीव' हा शब्द आहे. त्वचेला स्पर्शाची, उष्णतेची, वेदनेची जाणीव असते. कुष्ठरोग मनुष्याची पहिली चोरी करतो ती याच जाणिवेची. येथे थोडे थांबून एक सांगितले पाहिजे. आपल्या व्यासपीठांवरून कुष्ठरोगाला पापाचे चिन्ह म्हणून इतक्या वेळा वापरण्यात आले आहे की त्यामुळे रोग्यांचे दुःख वाढलेच. मी तसे करू इच्छीत नाही. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो आणि तो झालेला मनुष्य आपल्याहून तिळभरही अधिक पापी नसतो. येथे मी बधिरतेविषयी बोलणार आहे. आणि ती बधिरता धडधाकट म्हणविणाऱ्यांत अधिक आढळते.

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेले असेल. १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत, मिशनरी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी सर्वसाधारण समज असा होता की कुष्ठरोगात मांस सडते आणि बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी रुग्णांचे हात वर्षानुवर्षे तपासले आणि त्यांना निराळेच दिसून आले. रोगाचे जंतू मज्जातंतूंचा नाश करतात, त्वचा बधिर होते, आणि मग तापलेल्या भांड्याचा चटका, पायात शिरलेला खिळा, दिवसभर घासणारी चप्पल यांपैकी कशाचीच वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. जखमेवर जखम होत जाते आणि बोट आखूड होत जाते. एकदा त्यांना स्वतःला एका गंजलेल्या कुलपात किल्ली फिरविता येईना; तेव्हा एका लहान वयाच्या रुग्णाने पुढे होऊन ती सहज फिरविली. डॉक्टरांना त्याच्या शक्तीचे कौतुक वाटते न वाटते तोच जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले की उंदीर येऊन कुरतडत होते आणि झोपलेल्या मनुष्याला जाग येत नव्हती. त्यानंतर रुग्णांना मांजर पाळावयास सांगण्यात येऊ लागले!

१९५० च्या दशकात हेच डॉक्टर अमेरिकेचा दौरा आटोपून बोटीने इंग्लंडला परतले आणि लांबचा आगगाडीचा प्रवास करून रात्री मुक्कामाच्या खोलीवर पोहोचले. मोजे काढताना आपल्या टाचेच्या एका भागाला स्पर्श कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी टाचणी घेऊन टोचून पाहिले. वेदना नाही. आणखी खोल टोचली. रक्त आले, वेदना नाही. कुष्ठरोग्यांत इतकी वर्षे वावरलेल्या डॉक्टरांना यातून एकच अर्थ काढता येत होता. ती रात्र त्यांनी जागून काढली. पत्नीला आणि मुलांना आता दूर ठेवावे लागणार, हाताची बोटे बधिर झाली की शस्त्रक्रिया बंद होणार, असे एकेक विचार येत राहिले. सकाळी उठून त्यांनी पुन्हा टाचणी घेतली, टोचली, आणि ते ओरडले. दुखले होते! प्रवासात अवघडून बसल्यामुळे एक शीर तात्पुरती दबली गेली होती, इतकेच. त्या सकाळी टाचणीच्या वेदनेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. आणि पुढे कधी बोट कापले किंवा पाय मुरगळला तरी त्या वेदनेकडे देणगी म्हणून पाहण्याची त्यांना सवय जडली. २००३ साली ते प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, आदल्या दिवशीही त्या टाचेत जाणीव होतीच ना? जन्मापासून होती. परंतु एका रात्रीपुरती ती हरपली तेव्हा कोठे तिची किंमत कळली. आपले असेच आहे. दात दुखू लागला म्हणजे दात असल्याचे कळते. पहाटे नळाला पाणी आले नाही म्हणजे काल ते आले होते याची आठवण होते. घरातील वृद्ध माउली अंथरुणाला खिळली म्हणजे इतकी वर्षे चहा आपोआप होत नव्हता हे ध्यानात येते. उणीव मोठ्याने बोलते; असलेली वस्तू मुकी असते. म्हणून असलेल्याची जाण ठेवावयाची तर आपल्यालाच टाचणी हाती घ्यावी लागते.

रोज मिळणारी गोष्ट मनुष्याला कशी दिसेनाशी होते, याचे चित्र गणना ११ व्या अध्यायात आले आहे. अरण्यात रोज सकाळी मान्ना पडत असे. निर्गम १६ मध्ये प्रथम तो दिसला तेव्हा लोक चकित झाले. हे आहे तरी काय, असे एकमेकांना विचारू लागले, आणि त्या प्रश्नावरूनच त्याला नाव पडले. पुढे तोच मान्ना नजरेसमोर नकोसा झाला आणि मिसर देशातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण यांच्या आठवणीने लोक रडू लागले. कांदा-लसणावाचून ज्यांचे एक दिवस भागत नाही अशा आपणा महाराष्ट्रीयांना या तक्रारीची थोडी सहानुभूती वाटली तर मी दोष देणार नाही. पण त्यांच्या बोलण्यातील एक बाब पाहण्यासारखी आहे. मिसरात आम्हांला मासे फुकट मिळत, असे ते म्हणतात. फुकट! पाठीवरचे फटके, विटांचा रोजचा नेमून दिलेला आकडा, नदीत फेकलेली तान्ही मुले हे सारे त्या आठवणीतून गळून गेले आणि उरले ते कालवणाचे सुगंध. असंतुष्ट मनाची स्मरणशक्ती तीव्र असते, पण ती प्रामाणिक नसते.

म्हणून अनुवादाच्या ८ व्या अध्यायात मोशे लोकांना सावध करतो ते भुकेविषयी नव्हे. खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरे बांधून राहाल, गुरेढोरे वाढतील, तेव्हा विसराल, ही त्याची चिंता आहे. तेथील आज्ञा जेवून तृप्त झाल्यावर देवाला धन्यवाद देण्याची आहे. आपण ख्रिस्ती कुटुंबात जेवणापूर्वी प्रार्थना करतो. ती योग्यच आहे, प्रभूनेही भाकर मोडण्यापूर्वी उपकारस्तुती केली. पण भुकेल्या पोटी देव आठवणे त्यामानाने सोपे. भरल्या पोटी, हात धुऊन झाल्यावर, जेव्हा मन दुसऱ्या कामाकडे धावते तेव्हा क्षणभर थांबणे कठीण, आणि यहूदी लोक जेवणानंतरची ही प्रार्थना आजही पाळतात. आपल्या कोकणात शतकानुशतके राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने तर उपकारस्तुतीचा आपला असा एक विधी जपला आहे. त्याला 'मलिदा' म्हणतात. मनातील विनंती मान्य झाली किंवा घरात मंगल कार्य घडले म्हणजे एलीया संदेष्ट्याचे स्मरण करून पोहे, खोबरे, साखर आणि फळे तबकात मांडतात, देवाची स्तुती करतात आणि जमलेल्यांना वाटतात. पोहे हे आपले सर्वांत साधे, घरोघरचे अन्न. आभार मानण्यासाठी याहून वेगळे काही आणावे लागत नाही.

आपल्या मंडळ्यांतून कापणीचा सण होतो, त्याचे मूळ अनुवाद २६ मध्ये आहे. तेथील शेतकरी प्रथमफळांची टोपली घेऊन येतो आणि नुसती ठेवून जात नाही. त्याला बोलावे लागते. आपले पूर्वज कसे भटके होते, मिसरात कसे छळले गेले, परमेश्वराने कसे सोडविले, हा सारा इतिहास त्याने टोपलीजवळ उभे राहून सांगावयाचा. आणि मग लेवी व परदेशी यांना सोबत घेऊन आनंद करावयाचा. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत आज शेती करणारे थोडे. उपासनेनंतरच्या लिलावात भोपळा चढ्या बोलीने विकत घेतला जातो, हशा होतो, मंडळीच्या निधीत भर पडते. हे सर्व चांगलेच आहे. पण टोपलीजवळ उभे राहून बोलण्याचे काय? आपल्या घराण्यात प्रथम शाळेत कोण गेले, कोणी कोणाला वसतिगृहात ठेवून घेतले, दुष्काळात कोणी धान्य दिले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? त्यांना सांगितलेच नाही तर ती कृतज्ञ कशी होणार? कृत काय ते त्यांना माहीतच नाही.

आता एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलतो, कारण ती आपल्या घरांत फार खोल रुजली आहे. मुलाने ताटात भाजी टाकली की आपण म्हणतो, "बाहेर बघ, कित्येकांना अन्न मिळत नाही." आजाऱ्याला भेटून आलो की म्हणतो, "देवाची कृपा, आपल्यावर ही वेळ आली नाही." हेतू चांगला असतो. पण लूक १८ मधील मंदिरात प्रार्थना करणारे दोघे आठवा. त्यांच्यापैकी आभार मानले कोणी? परूश्याने! जकातदाराने फक्त दया मागितली. परूश्याची प्रार्थना उपकारस्तुतीनेच सुरू होते, आणि ती उपकारस्तुती दुसऱ्याकडे बोट दाखवून उभी आहे. मी याच्यासारखा नाही, म्हणून तुझे आभार. अशा आभारांना सतत कोणीतरी खाली लागतो. उद्या शेजारी माझ्याहून वर गेला की ते आभार आटतात. शिवाय ज्याला अन्न मिळत नाही तो काय आपल्या मुलाला धडा देण्यासाठी उपाशी आहे? त्याची भूक ही आपल्या समाधानाचे साधन झाली, तर आपल्या ताटातील भाकरीवर त्याचाही काही हक्क आहे हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शोमरोन्याने दुसऱ्या कोणाशी तुलना केली नाही. त्याने आपला हात पाहिला आणि देणाऱ्याकडे तो वळला.

त्याचप्रमाणे कृतज्ञता ही मागून घेण्याची वस्तू नाही. "आम्ही तुझ्यासाठी इतके केले, आणि तू?" हे वाक्य सासूकडून सुनेला, संस्थाचालकाकडून अनाथ मुलाला, मालकिणीकडून धुणे-भांडी करणाऱ्या बाईला किती वेळा ऐकावे लागते! वेल्लोरला शस्त्रक्रियेने ज्यांची वाकडी बोटे सरळ झाली होती, अशांपैकी काही रुग्ण परत येऊन तक्रार करीत. हात चांगले दिसू लागल्यामुळे आता कोणी भीक घालीत नाही आणि रोग होऊन गेला म्हणून कोणी काम देत नाही, असे त्यांचे म्हणणे असे. दुसरा एखादा डॉक्टर त्यांना कृतघ्न म्हणाला असता. ब्रँड यांना त्यांचे म्हणणे पटले. कॉलेजच्या आवारात अशा रुग्णांसाठी वस्ती उभी राहिली आणि तेथे त्यांना सुतारकामासारखे उद्योग शिकविण्यात आले. प्रभूनेही नऊ जणांविषयी विचारणा केली, पण त्यांचे आरोग्य परत घेतले नाही.

आणि ज्याच्या घरात खरोखरच दुःख आले आहे, त्याला काय सांगावे? पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिताना कोणत्याही परिस्थितीत आभार मानण्यास सांगितले (१ थेस्स. ५:१८). प्रत्येक परिस्थितीबद्दल आभार माना, असे तो म्हणत नाही. मुलाच्या मृत्यूबद्दल देवाचे आभार मानावेत असे पवित्र शास्त्र कोठेही शिकवीत नाही; लाजाराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. जर्मनीतील आयलेनबुर्ग गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट यांच्या वाट्याला तीस वर्षांच्या युद्धाचा सारा काळ आला. १६३७ साली गावात प्लेगची भयंकर साथ पसरली. इतर पाळक मेले वा गाव सोडून गेले, आणि एकट्या रिंकार्ट यांनी त्या वर्षी चार हजारांहून अधिक माणसे पुरली. त्यांत त्यांची पत्नीही होती. देवाचे आभार मानण्याविषयीचे त्यांचे गीत आज अनेक भाषांत गाइले जाते, मोठमोठ्या समारंभांत वाजविले जाते. मुळात ती घरच्या पंक्तीला मुलांसह म्हणावयाची जेवणाची छोटी प्रार्थना होती. ज्या घरात अन्न किती दिवस पुरेल याची शाश्वती नव्हती त्या घरातील प्रार्थना. तिचा उपयोग करून शोकग्रस्तांना गप्प बसवू नये. त्यांच्या शेजारी बसावे, आणि वेळ येईल तेव्हा ती आपणच हळू आवाजात म्हणावी.

नित्याच्या जीवनात ही जाण कशी ठेवावी, याचा नमुना हवा असल्यास फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचावा. पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला देणगी पाठविली आहे, आणि ती पोहोचवताना एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन आला आहे. पौल मोघम आभार मानून थांबत नाही. तुम्ही मला थेस्सलनीकातही एकदा आणि पुन्हा एकदा साहाय्य पाठविले होते, मासेदोनिया सोडली तेव्हा दुसऱ्या कोणत्याही मंडळीने हे केले नव्हते, असा बारीकसारीक हिशेब त्याच्या पत्रात आहे. इतक्या वर्षांचे त्याने स्मरणात ठेवले होते. आणि त्याच पत्रात तो सांगतो की समाधानी असणे आपण शिकलो. पौलासारख्यालाही ते जन्मतः येत नव्हते.

तेव्हा आज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत 'सर्व आशीर्वादांबद्दल' हे शब्द क्षणभर बाजूला ठेवून पाहा. त्याऐवजी एकेकाने एकच गोष्ट नावानिशी सांगावी. आज कोणाच्या हातून काय मिळाले? दूधवाल्याचे नाव मुलांना ठाऊक आहे का? ज्या शिक्षिकेने पहिले अक्षर गिरवून घेतले, ज्या परिचारिकेने ती एक रात्र उशाशी बसून काढली, त्या अजून हयात असतील. त्यांचा पत्ता घरात कोणाकडे तरी असेल. टपालाने पाठवा किंवा फोन करा, पण नेमके काय केले होते ते त्यांना सांगा. त्या स्वतःही कदाचित विसरून गेल्या असतील.